पाकीट बंद, ॲप सुरू

४ जानेवारी, रविवार
उद्यापासून पहाटे पाचला उठणार. फाउंडर लोक पाचलाच उठतात.
‘वाटा’ ॲप तयार! मित्रांनी मिळून खर्च करावा आणि पैशांवरून कुणालाच अवघडल्यासारखं होऊ नये, हे माझं मिशन. आज मिसळ खाताना देवव्रतने हतगडच्या सहलीसाठी पुन्हा ते खाकी पाकीट काढलं. आम्ही पाच जण. घडी घातलेल्या नोटा आत सरकवायच्या, कुणी कुणाकडे बघायचं नाही, मोजणार देवव्रत, तेही घरी जाऊन. बारा वर्षं, दर महिन्याच्या मिसळीपासून सहलीपर्यंत, हेच चाललंय. ट्रान्स्परन्सी शून्य. कमी पडले तर काय, असं विचारलं. म्हणाला, आजवर पडले नाहीत ना, मग झालं. पुरोहिताच्या घरातला, त्याला डेटाचं काय! पाकीट तिथल्या तिथे बंद करायला लावलं.

५ जानेवारी, सकाळी ९.४०
थंडी फार. पाचचा नियम संक्रांतीनंतर.

८ जानेवारी
माणशी २,८००. चौघांचे आले, चौघांची नावं हिरवी. राकेशचं लाल. रिमाइंडर ॲप आपोआप पाठवतं, मी नाही. यातच तर सगळी गंमत आहे.

११ जानेवारी
राकेशला चौथं रिमाइंडर. बायको, उत्तरा, म्हणाली, अहो, ते नोकरीला होते ती अंबडची कंपनी बंद होऊन तीन महिने झाले, तुम्हाला माहीत नाही का? तिला सांगितलं, साधारण माहीत आहे. पण फाउंडरने न्यूट्रल राहायचं असतं. तरी माणुसकी म्हणून मेसेजमध्ये हात जोडल्याचं चित्र टाकलं.

१२ जानेवारी
राकेश सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडला, ॲपमध्ये नाव तेवढं लालच राहिलं. लिहिलं, तुम्ही जाऊन या, मला काम आहे. एका दिवसात वीस टक्के युजर गेले. जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घेऊन राकेशकडे जाणार होतो. तेवढ्यात देवव्रतचा फोन. म्हणाला, तीन महिने राकेशचा हात पाकिटात रिकामाच जायचा, मी घरी भर घालायचो. ते पाकीट त्यासाठीच होतं रे. मी म्हटलं, युजर रिसर्च म्हणून विचारतो, याआधी कुणाचे कमी पडायचे? फारच खोदल्यावर म्हणाला, तुझी जेवणाच्या डब्यांची कंपनी बुडाली तेव्हा आठ महिने तुझे. आणि ते राकेश भरायचा. तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती त्याने.
मला वाटायचं, रिकामा हात कुणाला दिसत नाही.
तिळगूळ घरीच राहिला. लाज वाटते. खरंच वाटते.

१७ जानेवारी
गेलो एकदाचा सिडकोत, राकेशच्या घरी. माफीची चार वाक्यं पाठ केली होती. दार त्याच्या बायकोने, ज्योत्स्नाने उघडलं. चहा झाला. राकेश म्हणाला, ॲप भारी केलंयस रे, फक्त ते लाल नाव बघून ही घाबरली, तिला वाटलं बँकेचंच काहीतरी आलं. आणि हसला. मीही हसलो. मग त्याला नव्या व्हर्जनबद्दल वीस मिनिटं सांगितलं. माफीचं राहून गेलं. योग्य वेळ नव्हती.

१८ जानेवारी, सकाळी ११
उपाय सापडला. बोलण्यापेक्षा कृती! राकेशचे २,८०० मीच गुपचूप भरले. कुणालाही कळणार नाही.

११.०२
ॲपने पाचही जणांना कळवलं: ‘आल्हाद यांनी राकेश यांचा वाटा भरला! टाळ्या!’ खाली रंगीत कागदांचा पाऊस. तो मीच बसवला होता, डिसेंबरमध्ये. खास हौसेनं.

११.२०
बंद कसं करायचं सापडत नाही.

१९ जानेवारी
सकाळीच राकेशने माझे २,८०० परत पाठवले. सोबत एक ओळ: आभारी आहे, हिशेब पूर्ण झाला. बारा वर्षांत त्याने मला कधी आभारी आहे म्हटलं नव्हतं. पैसे कुठून आणलेस, हे विचारायची हिंमत झाली नाही. फोन केला, उचलला नाही.

२५ जानेवारी
ॲपमध्ये पाचही नावं हिरवी आहेत. हतगडला चौघेच निघालो.