चष्म्यातली सोबत

सोमवार, ३
नव्या घरात सामान लागलं एकदाचं. दोनच खोल्या, पण उंबरा नाही, त्यामुळे हिची चाकांची खुर्ची लोण्यासारखी फिरते. अर्धांगाने हिचा उजवा पाय रुसला. तो मनवायचा म्हणून उपचार केंद्राशेजारी बिऱ्हाड केलं. तिथल्या बाईंनी आभासी चष्मा समजावून घरी वापरायला दिला. डोळ्यांवर डबा बांधला की भिंती जातात आणि बाग येते. मान वळवाल तिकडे आणखी बाग! हिने फूल तोडायला हात घातला, मूठ हवेतच मिटली. म्हणाली, या वयात मला खुळ्यात काढलंत.

बुधवार, ५
चष्म्यातून मी दिसत नाही, त्यामुळे कोपर धरलं की ही दचकते. म्हणून बाईंनी माझी चाल, आवाज, धरायची तऱ्हा, सगळं यंत्रात टिपून घेतलं. आता आतही मीच सोबतीला! ही म्हणते, आतले तुम्ही बरे, खेकसत नाहीत. म्हटलं, म्हणजे मलाच सवत आली! पोट धरून हसलो. आज हिने खरीखुरी पावलं टाकली. डोळे भरून आले.

सोमवार, १०
पाय सुधारतोय. पण आतला काय बोलतो, ते ही सांगेना. बाई म्हणाल्या, त्याला ‘जपून’ आणि ‘शाब्बास’ एवढंच येतं. मग ही इतका वेळ कुणाला उत्तरं देत असते? कुठंतरी पाणी मुरतंय.

गुरुवार, १३
कोपर धरायला गेलो, तर ते आधीच उचललेलं. बाहीवर बोटांच्या चुण्या. खोलीत आम्ही दोघंच. चष्मा काढला, तर माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं.

शुक्रवार, १४
चष्मा कपाटात. कुलूप लावलं. खड्ड्यात गेलं ते चालणं.
ही ओट्यापाशी उभी आहे. डोळ्यांवर काही नाही. भिंतीला हात नाही. एका अंगाला कललीय — कुणावर तरी भार टाकून —

शनिवार
उजवा पाय उचलत नाही. माझा. हिच्याच खुर्चीत बसून लिहितोय.
ही छान चालतेय. हसतेय. हिने त्याला विचारलं, खुर्चीत कोण बसलंय.
माझ्याच आवाजात उत्तर आलं — कुणी नाही, रिकामी आहे, आता काय कामाची, बाहेर काढून टाकू.
ही ढकलतेय. दार उघडलं. हाक मारतोय, पण माझा आवाज तर त्याच्या —