गोपाळाच्या पायाशी ठेवलेला सिनेमा

॥ श्रीहरि शरणम् ॥
तालबोना, जि. बाँकुडा
१५ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. टुकू हीस गौरदाचे अनेक आशीर्वाद.

परवा सकाळी गोपाळाची पूजा मी केली. काकीमाला ताप होता, नाहीतर ती मला देवघराचा उंबरठा ओलांडू देत नाही. म्हणते, तू पानमळ्यातला माणूस, तुझ्या पायांना बारा महिने चिखल. तुझी आई तापातही तशीच आहे. अंथरुणातून दोनदा ओरडून बजावलं की सिंहासनाखालच्या डब्यांना विसरू नकोस, गोपाळाला एक वेळ फूल कमी पडलं तरी चालेल.

म्हणून गंगाजलाची कुपी घेऊन वाकलो, तर आंबट वास आला. आधी वाटलं, फडताळातली मोहरीच्या कासुंदीची बरणी फुटली. बरणी धड होती. वास काकांच्या सिनेमाच्या डब्यांना होता. एकाचं झाकण कोयत्याच्या टोकाने उघडलं. आतली फीत कडेने चिकट झाली आहे, तिच्यावर पांढरी पूड धरली आहे. तुझे बाबा गेल्यापासून काकीमा रोज या डब्यांवर गंगाजल शिंपडते, चंदन लावते, धूप दाखवते. झाकणं गंजली आहेत आणि पाणी आत उतरलं आहे.

तुला सांगायला नको, पण 'हेमंताचं अंगण'ची एवढीच प्रत उरली आहे. मला काकांचे ते दिवस आठवले. कॅमेरा बांधावर उभा करून ते नुसते बसायचे. आत फीत नसायची. गाव त्यांना रिकाम्या कॅमेऱ्याचे बाबू म्हणायचं. माणसं कॅमेऱ्याला विसरली, नाक शिंकरू लागली, भांडू लागली, की मग एक दिवस गुपचूप फीत घालायचे. सगळ्या गावाला एकच खूण ठाऊक होती. फीत घातली की काका पान खात नाहीत. त्यांच्या गालाकडे बघूनच बायका पदर सावरायच्या.

आता काय करावं ते कळव. काकीमाला अजून काही बोललो नाही. तुझा पाय प्लॅस्टरमध्ये आहे तोवर जिना चढू नकोस. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा
गौरदा


गुवाहाटी
२४ नोव्हेंबर १९९८

ती. गौरदास सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यापासून डोळ्याला डोळा नाही. आमच्या कॉलेजातल्या एका बाईंचा भाऊ कोलकात्याला सिनेमांच्या संग्रहालयात असतो. त्याला लगेच फोन लावला. तो म्हणाला की हा फितीचा रोगच आहे, ओलीने वाढतो, आणि एकदा लागला की थांबत नाही. फार तर कोरड्या, थंड खोलीत ठेवून त्याला आवर घालता येतो आणि दुसरी प्रत काढता येते. हिवाळा संपायच्या आत डबे पोचवा म्हणाला.

आणि ऐक. कोणत्या सिनेमाचे डबे ते विचारलं त्याने. मी बाबांचं नाव सांगितलं, अनादि पालित. त्याने ते मला दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाला की तो सिनेमा चारच दिवस चालला, त्याच्या गुरुजींनी तो तेव्हा थिएटरात पाहिला होता, आणि अजून ते वर्गात फळ्यावर खडूने चित्र काढून शिकवतात, होडी कुठून येते, धुकं कसं उचललं जातं, म्हातारी कधी मान वळवते. सिनेमा कोणाकडेच नाही, तरी पोरं तो शिकतात! मी मात्र सात वर्षांची असताना त्याच थिएटरात बाबांच्या मांडीवर झोपले होते. जाग आली ती कोणीतरी खुर्ची आपटून, यात काही घडतच नाही, असं ओरडत बाहेर गेला तेव्हा. बाबा हसले होते. मला वाटलं, तो माणूस त्यांचा मित्रच असावा.

आईला काही सांगू नकोस. ती तळ्यावर आंघोळीला गेली की अर्धं गाव धुऊन परत येते. तेवढ्यात डबे पानाच्या टोपलीत घाल, त्यांच्या जागी तुपाचे रिकामे डबे ठेव. तिला पाण्याचं कळलं तर ती अन्न सोडेल.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी पत्र पाठव.

तुझी
टुकू


॥ श्रीहरि शरणम् ॥
तालबोना
१ डिसेंबर १९९८

चि. सौ. टुकू हीस आशीर्वाद.

रागावलो नाही. पण गोपाळाच्या पायाखालून चोरी माझ्याने होणार नाही. आणि तुझी आई रिकाम्या तुपाच्या डब्यांना चंदन लावत बसेल, ते मी रोज कुठल्या डोळ्यांनी बघू?

तेव्हा सरळ विचारलं. म्हटलं, डबे कोलकात्याला नेऊ दे, खराब होताहेत. ती म्हणाली की याआधीचे तीन सिनेमे याच गोड बोलण्यावर कोलकात्याला गेले, वितरकाने भंगारात घातले, त्यातला एक तरी परत आला असेल तर दाखव. हा चौथा टुकूच्या बाबांनी भांडून, बैलगाडीत घालून घरी आणला. आणि गोपाळाच्या पायाशी ठेवलेली वस्तू खराब होत नसते म्हणाली. तिचं काय चुकलं होतं? जे उरलं त्याला तिने देवासारखं सांभाळलं.

मग जरा वेळाने आपणहून म्हणाली की शाळेच्या भिंतीवर दाखवीन असं त्यांनी वचन दिलं होतं. सिनेमा लागला तेव्हा गावात भाताची कापणी चालली होती, कोणीच गेलं नाही, आणि चार दिवसांत तो उतरला. तिने तो कधी पाहिलाच नाही, टुकू. यंत्र आण, मला एकदा दाखव, मग खुशाल ने, असं तिचं म्हणणं. हे करता येईल का, तेवढं विचार. उत्तराची वाट पाहतो.

गौरदा


गुवाहाटी
९ डिसेंबर १९९८

ती. गौरदास सा. न.

यंत्रावर चढवू नका. फीत आखडली आहे, यंत्राचे दात तिला फाडतील. बाईंच्या भावाला परत परत विचारलं, तो नाहीच म्हणतो. आईने बघितलाच नाही हे मला माहीत नव्हतं रे. पोटची पोर असून मी कधी विचारलंही नाही. आता तुला जे योग्य दिसेल ते कर, मी शहाणपण शिकवत नाही. संग्रहालयाचा पत्ता मागे लिहिला आहे. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

टुकू


॥ श्रीहरि शरणम् ॥
हावडा स्टेशन
२१ डिसेंबर १९९८

चि. सौ. टुकू हीस अनेक आशीर्वाद.

गाडीला वेळ आहे, म्हणून बाकावर बसूनच लिहितो.

शनिवारी काकीमा गच्चीवर डाळीच्या वड्या वाळत घालत होती. उघडलेला तो डबा घेऊन मी तिच्याशेजारी बसलो. म्हटलं, यंत्रावर चढवता येत नाही, पण ऊन आहे आणि तुझा चष्मा आहे. फितीचं टोक धरून उन्हासमोर केलं. आधी म्हणाली, सगळं तपकिरी, मुंग्यांएवढी माणसं. मग बांध ओळखला, होडी ओळखली, गावच्या बुधन मांझीला त्याच्या टकलावरून ओळखलं आणि खूप हसली. मी हळूहळू फीत सरकवत राहिलो.

एका जागी तिने माझं मनगट धरलं. आपलीच गच्ची होती. पांढऱ्या कापडावर एक बाई वड्या घालतेय, पदर खांद्यावर घसरलेला, केस मोकळे, जीभ दातांत. ही कोण उंडगी सून, असं विचारता विचारताच तिने स्वतःला ओळखलं. मग जी सुटली! पुढ्यात बसून पान चघळत होता तो मेला माणूस, सगळ्या गावाला एक खूण आणि बायकोला फसवायला दुसरी! डोकं उघडं, सासूबाई बघत्या तर घराबाहेर काढत्या. ती काकांशीच भांडत होती. ते समोर असते तरी एवढी भांडली नसती. आणि फीत मात्र सोडत नव्हती.

मग तिने विचारलं, हाताशी हे पांढरं काय आहे, वडीचं पीठ का? चित्रातल्या तिच्या हाताची बोटं तिथे उरलेली नव्हती. हो म्हणालो असतो तर निभावलं असतं. तुझं पत्र आठवलं. पण ती माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं की पीठ नव्हे काकीमा, ओल आहे, गंगाजलाची.

पातेल्यातलं पीठ वाळेपर्यंत ती तेवढाच तुकडा उन्हासमोर धरून बसली. मी उठलो नाही. शेवटी म्हणाली की एवढी वर्षं वास मलाही येत होता, मला वाटायचं, माझं नाकच म्हातारं झालं. मग म्हणाली की ने. पण दारात कोणाच्या हाती टाकून येऊ नकोस. कुठे ठेवतात ती जागा आत जाऊन बघ, कोरडी असली तरच दे. अन्न सोडलं नाही तिने. रात्री दूधभात खाल्ला. सकाळी डब्यांवर धान आणि दूर्वा ठेवल्या, सासरी जाणाऱ्या मुलीच्या डोक्यावर ठेवतात तशा. पाणी नाही.

संग्रहालयाच्या दारात तुझ्या बाईंचा भाऊ उभा होता. हात पुढे केले त्याने. मी म्हटलं, आधी जागा दाखवा. त्याने आत नेलं. खोली थंड होती, भिंतीला हात लावून पाहिला, कोरडी होती. मी त्याला सांगितलं की गच्चीवरची ती बाई अनादि पालितांची पत्नी आहे, जिवंत आहे, नाव सरोजबासिनी, ते कुठेतरी लिहून ठेवा. त्याने माझ्यादेखत लिहिलं. तेव्हा डबे दिले.

तुझा
गौरदा