बिनडोळ्यांच्या शेळ्या

शहागंज, छत्रपती संभाजीनगर
८ मार्च २०२५

ती. सौ. निशाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू शिवलेल्या कोऱ्या पिशव्यांचं गाठोडं एसटीच्या पार्सलातून नीट मिळालं. शिवण पक्की आहे, पण बंद आखूड झालेत. पिशवी खांद्याला लागली पाहिजे, काखेत अडकायला नको. एवढं सोडलं तर तुझं काम माझ्यापेक्षा सरस, हे लिहून देतो. दाजींना दाखव.

फोनवर आपलं पाचव्या मिनिटाला भांडण होतं म्हणून तू पत्राचा नियम घातलास. तेव्हा राग आला होता, आता बरं वाटतं. पत्रात तुला मधेच कॉलेजचा विषय काढता येत नाही.

इथं माझं बरं चाललंय. नवाबचाचांनी दुकानावरची खोली दिलीय, बदल्यात मी त्यांचे रंग कालवतो. ते रजयांच्या खोळी छापायचे, त्यामुळं लाकडात ठसा कसा खोदायचा ते त्यांनी शिकवलं. कोणता प्राणी खोदून पिशवीवर छापायचा ते मात्र माझं मी ठरवतो, आणि त्यावरून आमचं रोज वाजतं. ते म्हणतात हत्ती कर, मोर कर, वेरूळला जाणारे लोक घेतील. मी म्हटलं, चाचा, शहागंजात हत्ती कधी पाहिला तुम्ही? मी घड्याळाच्या टॉवरखाली झोपणारं कुत्रं केलं, भाजीच्या गाड्यात तोंड घालणारी गाय केली, विटा वाहणारं गाढव केलं. गाढव लई खपलं. एका मास्तरनं पाच गाढवं घेतली. कुणाला देणार विचारलं तर नुसताच हसला.

काल एका गिऱ्हाइकाशी भांडलो. मशीनवरचं यापेक्षा स्वस्त मिळतं म्हणाला. मी म्हटलं, मग मशीनला जाऊन विचार, तिनं शेळी कधी पाहिलीय का. चाचांनी मला आत ढकललं आणि त्याला चहा पाजला.

आता जे तू आपणहून लिहिणार नाहीस ते. सोनियाचं काही कळलं का? तिचा तुला फोन येतो हे मला माहीत आहे. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं त्या दिवशी ती गेटजवळ म्हणाली होती, की तू काहीच पूर्ण करत नाहीस. मी म्हणालो, पूर्ण करीन तेव्हाच तोंड दाखवीन. बोलून बसलो. आठ महिने झाले. तिच्या गावची, पैठणची एसटी नुसती समोरून गेली तरी मान तिकडं वळते. खोदताना मधेच हात थांबतो आणि पटाशी घसरते. डाव्या अंगठ्याला दोन टाके आहेत, आईला कळवू नकोस.

दाजींना नमस्कार, भाचीला पापा. लोभ आहे तेवढा राहू दे, मी तो संपवायच्या कामाला लागलेलोच आहे.

तुझा
गोकुळ

•

कन्नड
१४ मार्च

चि. गोकुळ यास अनेक उ. आ.

पत्र पावलं. बंद वाढवते. तुझं पत्र दाजींनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि टाक्यांपाशी आल्यावर म्हणाले, या पोराला पटाशीपेक्षा पैठण जास्त लागलंय. मी हसले नाही. थोडीशी हसले.

सोनिया ठीक आहे. शेवटच्या वर्षाचा अभ्यास करते. यापुढं मला विचारू नकोस, कारण मला नीट खोटं बोलता येत नाही.

आता कामाचं. ओळखीतल्या एका घरी पंचवीस एप्रिलला लग्न आहे. पाहुण्यांना द्यायला दोनशे पिशव्या हव्यात. तू मला कागदावर काढून पाठवलेली शेळी त्यांना दाखवली, लोंबत्या कानांची, अर्धा डोळा मिटून रवंथ करणारी. तीच पाहिजे म्हणतात. मोर नको, कमळ नको. माणसं भली आहेत. नाव-गाव सध्या विचारू नकोस, नवाबचाचांशी ते परस्पर बोलतील.

गोकुळ, एवढं मोठं काम तुला पहिल्यांदाच आलंय. हे नीट पार पडलं तर पुढच्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतील. कोणत्या ते आत्ता लिहीत नाही. तू फक्त डोकं थंड ठेव आणि गिऱ्हाइकांना चहा तूच पाजत जा.

आईची कंबर बरी आहे. बाबा तुझं नाव काढत नाहीत, पण त्यांनी तुझं कागदावरचं गाढव कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. माया होती तशीच आहे, तिच्यावर फार भार टाकू नकोस.

तुझी
ताई

•

शहागंज
३० मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शेळी झाली! आधी लाकूड आठवडाभर तेलात मुरवलं. मी चौथ्या दिवशीच बाहेर काढलं होतं, चाचांनी माझ्या हातून घेऊन परत बुडवलं. घाई केली तर छापताना तडकतं म्हणतात.

एका शेळीला दोन ठसे लागतात. पहिला भरावाचा, त्यानं शेळीचा नुसता तांबूस आकार उठतो, डाग पडल्यासारखा. तो वाळला की त्यावर दुसरा, रेघेचा. त्यात डोळा, कान, दाढी, खुरं. रेघ बसली की डागाची शेळी होते. मला तो क्षण लई आवडतो. पहिली छापली तेव्हा चाचा चष्मा पुसून म्हणाले, की ही आता ओरडेल बघ.

शंभरावर झाल्या. पण झोप नाही. रात्रंदिवस एकच डोक्यात, की हे पूर्ण झालं की मी पैठणला जाणार. हातात शेवटची पिशवी घेऊन तिच्या दारात उभा राहणार आणि काही बोलणारच नाही. आणि ती विचारील काय काम आहे, तर? तर काय सांगू? ताई, तू सांग. का तिचं कुठं जुळलंय, आणि तू लपवतेस? तुझी पत्रं हल्ली फार नीटनेटकी असतात. मला त्याचाच संशय येतो.

माझ्यावर रागावायचं असेल तर रागाव, पण दोन पानं भरून.

गोकुळ

•

कन्नड
७ एप्रिल

चि. गोकुळ यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून राहवेना, म्हणून जिला वचन दिलं होतं तिचीच परवानगी काढून लिहिते.

हे काम सोनियानंच आणलंय. लग्न तिच्या थोरल्या बहिणीचं, सारिकाचं. साखरपुडा मागच्या वर्षीच झाला, पण नवऱ्याकडची आजी वारली म्हणून ते वर्षभर थांबले. तुला वाटतं तिचं लग्न कधीच झालं. तू विचारतोस फक्त एकीचं, मग दुसरीचं कळणार कसं?

सोनियाचे वडील पुंडलिककाका स्वतः पैठणी विणतात. सोनियानं कुणी केलीय ते न सांगता त्यांच्यापुढं तुझी शेळी ठेवली. जन्मभर मोर-पोपट विणलेला माणूस, शेळी बघून हसला म्हणे, आणि दोनशे सांगून मोकळा झाला. लग्न उरकलं की ती घरात तुझं नाव काढणार आहे. आधी त्यांनी काम बघावं, मग माणूस, असा तिचा हिशेब आहे. पोरगी तुझ्यापेक्षा चारपट शहाणी आहे.

म्हणून हात जोडते, पिशव्या वेळेवर दे आणि तोवर पैठणला फिरकू नकोस. हे वाचून उड्या मारशील, तर खालच्या मजल्याचा विचार कर.

तुझी
ताई

•

शहागंज
९ एप्रिल

निशाताई,

नमस्कार-बिमस्कार काही लिहीत नाही.

काल दुपारी रंग आणायला गेलो होतो. साड्यांच्या दुकानात सोनिया बसली होती. नऊ महिन्यांनी दिसली. दोन बायका तिच्या खांद्यावर लाल शालू टाकून मागं सरकून बघत होत्या, आणि ती हसत होती. मी रस्त्याच्या अलीकडं, हातात रंगाचा डबा. रिक्षावाला शिव्या देऊन गेला तेव्हा कळलं की मी रस्त्यात उभा आहे.

दुकानात आलो तर चाचांनी नुकता फोन ठेवला होता. म्हणाले, पैठणच्या पुंडलिकरावांचा होता, मुलीच्या लग्नाच्या पिशव्या वीस तारखेला पाहिजेत.

तुला माहीत होतं. तिच्या लग्नाच्या पिशव्या तू माझ्याकडून छापून घेतल्यास, माझ्याच हातानं! वर डोकं थंड ठेव म्हणून लिहिलंस. पाहुणे त्यात नारळ घालून घरी नेतील आणि मी इथं मोजत बसायचं, किती शेळ्या झाल्या.

शेगडीवर खळ शिजत होती. रेघेचा ठसा उचलला आणि निखाऱ्यात घातला. तेल प्यालेलं लाकूड, भडकन पेटलं. चाचांनी चिमट्यानं ओढून काढलं, पण तोवर शेळीचं तोंड गेलं होतं. मग चाचा माझ्यापुढं ठेवलेला चहा तेवढा उचलून घेऊन गेले.

यापुढं पत्र पाठवू नकोस.

गोकुळ

•

शहागंज
११ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

तुझं सात तारखेचं पत्र आज आलं.

ताई, मी काय करू?

गोकुळ

•

कन्नड
१४ एप्रिल

चि. गोकुळ यास,

आशीर्वाद देते, कारण तो द्यावाच लागतो.

शालू सारिकाचा. सारिका पुण्याला नोकरीला, तिला रजा मिळेना, दोघींची उंची सारखी म्हणून सोनियाच्या अंगावर धरून बघत होत्या. रस्ता ओलांडून चार पावलं गेला असतास तर तिनंच सांगितलं असतं. तू शेगडीकडं गेलास.

नवा ठसा वेळेत होत नाही, लाकूडच मुरायचं नाही. तेव्हा भरावाच्या ठशानं उरलेल्या पिशव्या पुऱ्या कर आणि जशा आहेत तशा घेऊन स्वतः जा. दुसऱ्याच्या हाती पाठवू नकोस. दाजी म्हणतात, लाकूड तडकलं म्हणून सांग, तडकतंच ना ते. मला हे पटत नाही, पण त्या पोरीनं बसवलेली घडी मोडू नये म्हणून एवढं खोटं चालेल. एकच वाक्य बोल आणि परत ये. एकच.

मी रागावलेय. तरी जेवून-खाऊन जा.

ताई

•

शहागंज
२१ एप्रिल

ती. सौ. निशाताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल जाऊन आलो. तू सांगितलेलं एक वाक्य सोडून दोन दुसरीच बोललो.

एसटीत पैठणपर्यंत घोकत गेलो, की लाकूड तडकलं, लाकूड तडकलं. अंगणात ही माणसं! बायका रुखवत मांडत होत्या, पोरं गाठोड्यावर चढली. पुंडलिककाकांनी एक पिशवी मांडीवर पसरली, अंगठा फिरवला, मान हलवली. दुसरी घेतली. तिच्यावर नुसता डाग. तिसरीवरही. त्यांनी मला विचारलं, की हिचा डोळा कुठं आहे. सोनिया मागाच्या खोलीच्या दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं आणि घोकलेलं सगळं गेलं. मी म्हणालो, ठसा मी जाळला. त्यांनी विचारलं का. मी म्हणालो, मला वाटलं लग्न सोनियाचं आहे.

ताई, मधे थांबायला जागा होती. थांबलो नाही.

एक म्हातारी आत्या बहिरी आहे, तिनं मोठ्यानं विचारलं की पोरगा काय म्हणाला, आणि कुणीतरी तिच्या कानाशी तेच वाक्य पुन्हा ओरडून सांगितलं. सारिका पदरात तोंड घालून हसायला लागली. सोनिया आत निघून गेली. मला वाटलं, संपलं. निघायला वळलो, पण गाठोड्यावरची पोरं उतरेनात.

तेवढ्यात ती बाहेर आली. हातात कापडावर लिहायची पेनं. सतरंजीवर बसली, एक आंधळी शेळी पुढ्यात ओढली आणि डोळा काढायला लागली. माझ्याकडं न बघता म्हणाली, की बसा, कान आणि पाय तुम्ही काढा, ऊन उतरायच्या आत व्हायला पाहिजे. मला तुम्ही म्हणाली! नऊ महिन्यांपूर्वी गाढव म्हणायची.

मी बसलो. पुंडलिककाका आमच्या दोघांच्या मधे खुर्ची टाकून बसले आणि शेवटची पिशवी होईपर्यंत उठले नाहीत. मी निघालो तेव्हा ते एवढंच म्हणाले, की शहराची गाडी साडेसहाला आहे.

माझ्या शेळ्यांचा डोळा अर्धा मिटलेला. तिनं काढलेल्या सगळ्या टक्क उघड्या डोळ्यांच्या, आणि एकूण एक माझ्याकडं बघत होत्या. याचा अर्थ काय घ्यायचा? चाचांना विचारलं तर म्हणाले, अर्थ काढू नकोस, रंग काढ. मला इथं बसवत नाही, उभं राहवत नाही. तुझ्याकडं काही निरोप आला तर लगेच कळव. फोन केलास तरी चालेल. भांडलीस तरी चालेल.

माझ्याकडं मायेनं बघणारं सध्या एकच घर आहे, ते तसंच राहू दे.

तुझा
गोकुळ

•

पैठण
५ मे

गोकुळ,

स. न. वि. वि. लिहावं की नाही यात एक पान वाया गेलं, तेव्हा सरळ लिहिते. पत्ता निशाताईंकडून घेतला.

लग्न छान झालं. पिशव्या पुरल्या नाहीत, इतक्या गेल्या. उघड्या डोळ्यांच्या आधी संपल्या. चिडू नकोस, खरं तेच सांगतेय.

मी सगळं नीट ठरवलं होतं. ताईचं लग्न, मग माझी परीक्षा, मग आई, मग बाबा. ते तू अंगणात, आत्याला दोनदा ऐकू जाईल असं उरकलंस. त्याचा राग एक वेळ जाईल. ठसा जाळलास त्याचा राग आहे आणि राहणार आहे. ती शेळी मी बाबांपुढं ठेवली होती, तेव्हा ती तुझ्या एकट्याची नव्हती. आणि पुढं कधी मी लाल साडीत दिसले, तर शेगडी शोधायच्या आधी मला विचार.

लाकूड तडकलं असं सांगायचं ठरलं होतं हे निशाताईंनी नंतर सांगितलं; दारात तसं खोटं बोलला असतास तर मला कळलं असतं. तडकलेलं लाकूड कसं दिसतं ते मला माहीत आहे. तू बोललास तेव्हा मला पळून जावंसं वाटलं, आणि आत गेल्यावर हसू आलं. म्हणून पेनं शोधली.

पाहुणे गेल्यावर बाबांनी मागावर बसल्या बसल्या विचारलं, की तो पोरगा म्हणाला ते एका बाजूचं आहे की दोन्ही. मान वर केली नाही. मी म्हणाले, दोन्ही. ते विणत राहिले. अजून हो म्हणालेले नाहीत, नाही पण म्हणालेले नाहीत. आईला विचारत होते, कन्नडला तुझ्या घरच्यांचं शेत कुठल्या बाजूला. कॉलेज पुरं करणार का, हेही विचारत होते. आईला माहीत नव्हतं. मलाही माहीत नाही. तुला माहीत असलं तर बरं होईल.

तुझी एक पिशवी बाबांनी बाजूला काढून ठेवली होती, खुंटीला. काल भाजीला जाताना तीच घेऊन गेले. मेथी घेऊन आले, पिशवी झटकली, परत खुंटीला लावली. मी काही बोलले नाही. तूही बोलू नकोस. येऊ नकोस, निशाताईंकडून निरोप धाडू नकोस. निदान महिनाभर.

लोभ आहे. तो वाढावा असं मात्र लिहीत नाही, तू लगेच पैठणची गाडी धरशील.

सोनिया