तिसऱ्या हाकेची वाट

माय,

काल दुपारी लेकीनं ते नाव घेतलं. मला ज्या नावानं फक्त तू हाक मारायचीस, ते. चारठाण्याच्या रस्त्यावरचं माझं मोटार वाईंडिंगचं दुकान आणि मागचं घर अजून तसंच आहे, तू बघून गेलीस तसं. लाईट गेलेली होती. मी एका जळालेल्या मोटारीची तार सोडवत बसलो होतो. लेक आतून आली, हातात अर्धवट घडी केलेली ओढणी, आणि म्हणाली, "पप्पा, हे कोण हो?" आणि मग ते नाव. "स्वयंपाकघराकडून कुणीतरी हाक मारली. बाईचा आवाज होता. एकदाच." तिची आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती, घरात आम्ही दोघंच. मी म्हणालो, रस्त्यानं कुणी चाललं असंल. ती हसली. "एवढे मोठे कान तुमचे, अन् तुम्हाला ऐकू आलं नाही?" मी तार सोडवत राहिलो.

ऐकू आलं होतं. गेले दोन महिने ऐकू येतंय, तिचं बंगळूरच्या नोकरीचं पत्र आलं त्या आठवड्यापासून. उन्हाची वेळ, लाईट गेलेली, आणि मागून एक हाक. जन्मभर मोटारींपाशी बसलेल्या माणसाच्या कानात काहीबाही वाजत राहतं, असं मी स्वतःला समजावलं होतं. पण तिच्या कानात कसं वाजेल? ते नाव तिला माहीतच नाही. तू गेलीस तेव्हा ती पाळण्यात होती. तिच्या आईनं माझं नाव कधी घेतलं नाही, आणि गाव मला डॉक्टर म्हणतं. लोक विहिरीवरून फोन लावतात, फोन मोटारीपाशी धरतात आणि म्हणतात, "डॉक्टर, ऐका बरं, काय झालंय हिला?" बेअरिंग गेलं का बुश झिजला, मी इथं बसून सांगतो. अजून चुकलो नाही. तू म्हणायचीस, ह्या पोराचे कान म्या घडवलेत. खरंच आहे ते.

कसे घडवलेस ते आठवतं. मी पाच-सहा वर्षांचा, तू चुलीपुढं भाकरी थापायलीस, आणि मला समोर बसवून शिकवायलीस. "भाईर कुणी नाव घिऊन हाक मारली तर ओ द्यायची न्हाई. येकदा मारली, गप बसायचं. दोनदा मारली, गप बसायचं. तिसऱ्यांदा मारली तर समजायचं, माय हाय. ते दुसरं जे असतंय ना, त्याला येकदाच हाक मारता येती." मी विचारतो, ते दुसरं म्हणजे कोण? तू तव्यावरची भाकरी उलटतेस. माझ्या आधीच्या अक्काचं मला नंतर कळलं, तेही शेजारणीकडून. अशाच एका दुपारी अक्का अंगणात खेळत होती. एकदम "आले गं माय" म्हणून उठली आणि पळत गेली. तू तर घरात होतीस, हात पिठात, तोंडातून शब्द काढला नव्हतास. दिवस कलता ती विहिरीत सापडली. तिनं कुणाला ओ दिली, याचा कानोसा तू जन्मभर घेत बसलीस. आणि मला तीन-तीन हाका मारत वाढवलंस. शाळेतून, पारावरून, पोरांच्या घोळक्यातून. मी तिसरीला ओ द्यायचो. पोरं चिडवायची, ह्याची माय घसा बसेपर्यंत वरडती अन् हा बहिरा.

मग दुकानाचा पहिला दिवस. तू मशीनला हळदीकुंकू लावायला आलीस आणि दारातून हाक मारलीस. चार माणसं जमलेली, मी आधी दुसऱ्याकडं कामाला होतो तेव्हापासूनची ओळखीची. मी सवयीनं मान वर केली नाही. एक जण म्हणाला, "मोटारीचं ऐकू येतंय अन् मायचं न्हाई, असा कसा रे डॉक्टर?" सगळे हसले. तिसऱ्या हाकेला मी उठलो. तेव्हा तू मला बाजूला घेतलंस. तुझ्या पदराला तुरीच्या शेंगांचा वास येत होता. म्हणालीस, "आता बास. चार माणसांत तीनदा वरडायची लाज वाटायली मला. लेकरू वाढवायचं म्हंजी हाका कमी करत जायचं असतंय. आधी दिवसभर मारायच्या, मग शाळा सुटल्यावर, मग नुसत्या जेवायच्या टायमाला. शेवटाला येक ऱ्हाती. इथून पुढं मी येकच मारीन, तू ओ देत जा." मी चेष्टेत म्हणालो, "अन् त्या दुसऱ्यानं मारली तर?" तू हळदीकुंकवाचं ताट उचललंस आणि म्हणालीस, "मोठ्या माणसाला कळत असतंय."

त्यानंतर तू हाकच मारली नाहीस. काही लागलं तर स्वतः उठून यायचीस. का, ते मला आता कळतं. राखून ठेवली होतीस ना?

तू गेलीस त्या शनिवारी बायको तान्ह्या लेकीला घेऊन पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेली होती. तू मागं भाकरी करत होतीस. दुपारी हाक आली. एक. माझ्या हातात पक्कड होती, ती तशीच धरून मी थांबलो. दुसरी येईल, मग तिसरी येईल. दुकानातलं तुझं बोलणं मला आठवलंच नाही. मूल बसतं तसा मी बसून राहिलो. मग भाकरी जळल्याचा वास आला, तेव्हा उठलो. तू भिंतीला टेकून बसलेली होतीस, हाताचं पीठ अजून ओलं होतं. दवाखान्यातला माणूस म्हणाला, काही करता आलं नसतं, झटक्यात गेल्या. हाक मारून मग झटक्यात, हे मी त्याला सांगितलं नाही. सगळ्यांना सांगितलं, लाईट नव्हती, जनरेटर चालू होतं, मला काही ऐकू आलं नाही. बायकोलाही हेच. लेक मोठी होताना तिलाही हेच. एकवीस वर्षं झाली. जनरेटर बंद होतं, माय.

लेकीला मी अजून तीनदा हाक मारतो. ती म्हणते, "पप्पा, एकदा मारली की ऐकू येतं हो मला." उद्या सकाळी तिची गाडी आहे. तिच्यासाठी एक राखून ठेवायला मला जमेलसं वाटत नाही.

आज दुपारी लाईट गेली. मायलेकी पुढच्या खोलीत बॅग भरत होत्या. मी दुकानात होतो, पुढ्यात काम नव्हतं. हाक आली. स्पष्ट, तुझाच आवाज, शेवटी थोडा वर जाणारा. तुझ्या सांगण्याप्रमाणं ही एकच हाक म्हणजे तू. आणि तुझ्याच सांगण्याप्रमाणं ही एकच हाक म्हणजे ते दुसरं, अक्काला घेऊन गेलेलं. मोटारीच्या आवाजावरून मी आतलं सगळं सांगतो, पण ह्या आवाजाच्या आत कोण आहे ते मला सांगता येईना. मी मोठा माणूस आहे, माय, पन्नाशी ओलांडली. मला कळत नाही. लेक दारात आली. तिलाही ऐकू आलं होतं. म्हणाली, "पप्पा, ते नाव तुमचंच असणार, ओ द्या की. कोण असंल ते असंल, कालपासून हाक मारायलंय बिचारं." आणि बॅगेकडं निघून गेली. तिला भीती कशी ती वाटत नव्हती. तिला मी तसं काही शिकवलेलंच नाही.

तुझी भाकरीची परात अजून त्याच भिंतीला टेकवलेली असते. स्वयंपाकघराकडं तोंड करून मी ओ दिली. पण उठलो नाही. आणि ओ इतकी हळू दिली, की माझी मलाच नीट ऐकू आली नाही.

मग लगेच जाऊन जनरेटर चालू केलं. काम काहीच नव्हतं. दुसरी हाक आली असेल, तर मला ऐकू आलेली नाही.