जिनिव्हाचा फोन धुळ्यात वाजला

धुळे, बुधवार

आदरणीय वाल्मीकनाना यांस,
जीवनचा सप्रेम जयभीम.

ताजी बातमी आधी सांगतो, जुनी सवय आहे. मृणालीची दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं काल दुपारी तिच्या हातात परत आली. दुजोरा खुद्द तुमच्या लेकीचा, आणि मीही कागद उजेडात धरून पाहिले. तेव्हा अक्काला म्हणावं, आता पोटभर जेव. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावून चुलीपाशी बसू नका. (लुंगीचं प्रकरण मला कळलंय.) मी ठीक आहे. हे पत्र साक्रीच्या गाडीवरच्या ओळखीच्या कंडक्टरच्या हाती देतोय, कारण फोन केला की अक्का स्पीकर चालू करते आणि अर्धी गल्ली ऐकते.

तर सविस्तर. तुम्ही मला एकच काम सांगितलं होतंत : धुळ्यात नवं दूरशिक्षणाचं विद्यापीठ निघालंय, मृणालीला घेऊन जा आणि त्याची मान्यता खरी का ते बघ. अंगणवाडी सेविकेची मुख्यसेविका व्हायचं तर पदवी हवी, आणि वयाच्या अटीत पोरीजवळ जेमतेम एकाच पदवीपुरती वर्षं उरलीत. ती पदवी बोगस निघाली की संपलं, दुसरी घ्यायला वेळच नाही. मी म्हटलं, नाना, निर्धास्त राहा. पस्तीस वर्षं वार्ताहर होतो, सावद्याच्या केळीचे भाव कळवले. पावडर मारून पिकवलेलं केळं मी लांबून ओळखतो, तिथे विद्यापीठ काय चीज.

'ग्लोबल आकाशगंगा विद्यापीठा'चं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. आत गारेगार. भिंतीवर सात फ्रेमा, प्रत्येकीवर सोनेरी शिक्का. मी सातही मोजल्या आणि माझं जवळपास समाधान झालं. संचालकसाहेबांनी चहा मागवला, चहाआधी लस्सी मागवली आणि पडताळणीसाठी मूळ कागद मागितले. ते मीच मृणालीच्या पिशवीतून काढून दिले. (हे वाक्य अक्काला वाचून दाखवू नका.) मृणालीने विचारलं, यूजीसीच्या दूरशिक्षणाच्या यादीत तुमचं नाव कुठे आहे? साहेब हसले. म्हणाले, मॅडम, त्या याद्या देशापुरत्या. आमचं मानांकन थेट जिनिव्हाच्या जागतिक परिषदेचं. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, तुमच्यासारख्या ज्येष्ठ पत्रकाराला आमच्या विद्यापीठाने यंदा मानद डॉक्टरेट द्यायची ठरवली आहे.

नाना, खोटं कशाला बोलू, त्यानंतर मला एकही अवघड प्रश्न सुचेना. मी विचारलं, झगा लाल असतो की काळा?

मृणालीने जिनिव्हाच्या फ्रेमखालचा फोन नंबर टिपून घेतला आणि ती गॅलरीत गेली. इकडे साहेबांच्या टेबलाच्या खणात फोन वाजला. मला हाताने 'एक मिनिट' अशी खूण करून त्यांनी तो उचलला आणि भारदस्त आवाजात म्हणाले, जागतिक मानांकन परिषद, बोला. मला वाटलं, केवढा हा व्याप, एकटा माणूस दोन्ही आघाड्या सांभाळतो! एवढ्यात मृणाली फोन कानाला लावूनच आत आली. साहेब तिच्याकडे बघत फोनमध्ये म्हणाले, "हॅलो?" ती समोर उभी राहून आपल्या अहिराणीत म्हणाली, "हॅलो. जिनिव्हात काय हवा शे?"

मग मला म्हणाली, "मामा, बठ्ठं खोटं शे. लस्सी ठेव खाली." एव्हाना तिने मोबाइलवर यूजीसीची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली होती. आकाशगंगा त्यात नव्हती.

कागद परत मागितले तर साहेब म्हणाले, पडताळणीला आठ दिवस लागतील. मी घाबरलो. मृणाली मात्र दारालगतच्या खुर्चीत जाऊन बसली आणि चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला अगदी अदबीने फ्रेमखालचा नंबर लावायला सांगू लागली. पहिली एक शिंदखेड्याची मुलगी, मग दोन भाऊ. खणातला फोन तिसऱ्यांदा वाजला तशी पडताळणी पूर्ण झाली.

आज सकाळी यादीत नाव असलेल्या विद्यापीठाच्या इथल्या केंद्रात तिचा अर्ज भरला. चहा नाही, फ्रेम नाही, कारकुनाने मान वर केली नाही. मला फार बरं वाटलं.

आपला,
जीवन

ता.क. अक्काने विचारलं तर सांगा, डॉक्टरेट जीवनने ताडकन नाकारली.

ता.क. दुसरा. ताडकन म्हणजे खणातला फोन वाजल्यावर. त्याआधी वीसेक मिनिटं मी डॉक्टर होतो आणि तेवढ्यात साक्रीच्या ग्रुपवर बातमी टाकून बसलो. (नव्या वार्ताहरांना मीच शिकवायचो, दोघांचा दुजोरा मिळाल्याशिवाय ओळ सोडू नका.) सुकदेव फ्लेक्सवाल्याने हौसेने स्टँडसमोर 'डॉ. जीवनभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन' लावून टाकलंय. पत्र खरं त्यासाठी. आठवडे बाजार भरायच्या आत तेवढं उतरवा.

ता.क. तिसरा. मृणाली शेजारी बसून वाचतेय. म्हणते, फ्लेक्स फाडू नका, अंगणवाडीचं छप्पर गळतं, त्यावर घालू; फोटो मात्र आभाळाकडे, नाहीतर मुलं खिचडी खायची नाहीत. तिच्या प्रवेशाचा पक्का संदेश शनिवारपर्यंत यायचाय. आला की कळवतो. ग्रुपवर टाकायचं का, ते तिला विचारून.