बांधावरचं गवत एकदाच ओढून बघ

छबू,

सुरतेहून तुझ्या आक्काचा आशीर्वाद. माझी तब्येत बरी आहे. योगेंद्र जपतो, सूनबाई गरम पोळी वाढते. चौथ्या मजल्यावर नुसती बसून मी तुझ्या म्हशीसारखी जाडी व्हायला लागले. तुझा गुडघा कसा आहे? नवलराव अजून घोरतात का?

एक काम सांगते. आमचे हे गेले, त्याच्या आठ दिवस आधी त्यांनी बांधावर हत्तीगवताची कांडी लावली. मूळ धरलं का, ते मी रोज सकाळी ओढून बघायचे. हे चिडायचे, "अवं, रोज वढी देखशी ते मुया कव्हय धरतीन?"

आता योगेंद्र रोज विचारतो, "आई, करमतं ना इथं?" मी त्याला ह्यांचंच बोलणं ऐकवते. तो हसतो, मग मीपण हसते.

म्हैस बांधावर सोडू नको. कोवळ्यात तोंड घातलं तर ठोंब मुळासकट वर येतो. आधी हाताने ओढून बघ, पण एकदाच. पक्कं असलं तर खाली वीतभर ठेवून वरचं काप.

आणि हातात आलंच, तर तिथंच परत खोच. मला मात्र 'धरलं' असंच लिही.

तुझी,
आक्का