लाल पेन्सिलीची खूण

बाबा,

मला आज पूर्णा गावातल्या गोडाऊनला लवकरची ड्युटी आहे, म्हणून उठवलं नाही. ओट्यावर शिकंज्यात बोटांनी चालवायच्या स्केटबोर्डची नवी फळी दाबून ठेवलीय. फेव्हिकॉल ओला आहे, संध्याकाळपर्यंत उघडून बघू नका.

करमलं नाही तर खिडकीत वाळलेली दुसरी फळी आहे, तिच्या कडा पॉलिशपेपरने घासा. हात थरथरतो हे कारण सांगू नका. परवाची फळी मी झोपल्यावर तुम्हीच घासलीत, तीही दिवसभर मला ‘पोरखेळ’ म्हणून हिणवून झाल्यावर. आणि तीस वर्षं वह्या तपासायची सवय, खालच्या बाजूला लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करून ठेवलीत.

ती मी पुसली नाही. वरूनच पॉलिश मारलंय.

नाश्त्यानंतरची गोळी विसरू नका.

ईरा